जिन्याखालचं स्टेशन

लीड्स,
रविवार संध्याकाळ

प्रिय आत्या,

बागेतली आपली छोटी वाफेची आगगाडी धावली. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर सवयीप्रमाणे मी सगळ्या शंकाकुशंका मांडत बसेन आणि तू वाचता वाचता काळजीत पडशील. बर्फात धावली, पूर्ण फेरी, स्वयंपाकघराच्या दारापासून सफरचंदाच्या झाडाला वळसा घालून परत दारापर्यंत. आणि माझ्याशिवाय तिला कुणी हात लावला नाही. म्हणजे आईने लावला होता, पण ते पुढे सांगते.

पैज तुझीच होती. तू जिन्यावरून पडलीस, तुझा अनुप तुला ब्रिस्टलला त्याच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटवर घेऊन गेला, हाड जुळलं, डॉक्टरही खूश झाले. पण तू काही खाली उतरेनास. मी रोज फोनवर तेच टुमणं लावायचे, तेव्हा दिवाळीत वैतागून म्हणालीस, “बर्फात एकटीने गाडी चालवून दाखव, मग मी जिना उतरते.” तुला वाटलं असणार, ही घाबरट पोरगी काडीसुद्धा ओढणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं. इंजिन पेटवायचं काम कायम तुझं, माझं काम रुळांच्या सांध्यांत अडकलेली पानं काढायचं.

शुक्रवारी बर्फ पडला आणि आज आपल्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. आईने मला न विचारता सगळ्या बायकांना सांगून टाकलं की तिळाच्या वड्या दरवर्षीसारख्या गाडीतूनच येणार. मग सकाळी मी जुना टूथब्रश घेऊन सांधे मोकळे केले. बाकीचा बर्फ तसाच ठेवला, तो इंजिनापुढे लावायच्या तुझ्या नांगरासाठी, तू शॉर्टब्रेड बिस्किटांच्या डब्याचा पत्रा वाकवून केलेला तो. पहिल्यांदा बर्नर पेटेचना. थंडीने गॅस डबीतून बाहेरच यायला तयार नव्हता. मग तुझं कोमट पाण्याचं पातेलं आठवलं. डबी त्यात थोडा वेळ बसवून ठेवली, पुन्हा गॅस भरला, काडी ओढली. फप् असा आवाज झाला आणि मी दचकून मागे झाले, पण ज्योत राहिली. मग बॉयलरचं पाणी, तेल, झडप, सगळं तपासलं, आणि तपासलंय का हेही पुन्हा तपासलं. तू हसशील.

एकटं इंजिन झकास गेलं. दोन्ही बाजूंना भुरभुरीत बर्फ उडत होता आणि काचेमागे बायका चहाचे कप धरून उभ्या होत्या. पण वड्यांचे डबे जोडले आणि गाडी हलेचना. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, इंजिन नुसतं धापा टाकत राहिलं. आईने खिडकी उघडून विचारलं, काय झालं, आणि माझा घसा तसाच बंद झाला, लहानपणी शाळेत व्हायचा तसा. मग मी खाली बसले आणि तू शिकवलंस तेच केलं. इंजिन सोडवलं, एकेक डबा बोटाने ढकलून पाहिला. डबे चाकांवर चालतच नव्हते, घसरत होते. एक उलटा केला, तर आसाभोवती मेणासारखं पांढरं काहीतरी गोठलेलं. वास घेतला. आत्या, खोबरेल!

काल शेडमधली तेलाची बाटली रिकामी दिसली म्हणून आईने प्रेमाने डब्यांच्या चाकांना खोबरेल घातलं होतं. माझ्या डोक्याला लावायला जी बाई दर थंडीत ती बाटली रेडिएटरवर वितळवायला ठेवते, तिने. बिचारी कपाळावर हात मारून दारात उभी राहिली, मग स्वतःच किटली घेऊन आली. उकळतं पाणी ओतून आम्ही सगळे आस पुसले आणि तिच्या शिलाई मशीनचं तेल घातलं. पुढे काय झालं ते तू पाहायला हवं होतंस. गाडी झाडामागे गेली, आवाज बारीक झाला, आणि मग ती बर्फ फेकत, शिट्टी देत बाहेर आली. शालू नेसलेल्या बायका खाली रबरी वेलिंग्टन बूट चढवून बागेत धावल्या. कुंपणापलीकडच्या डोरोथीने हातमोजा न काढताच वडी उचलली आणि तुझी चौकशी केली, “श्यामला कुठे आहे?” म्हणून. मी म्हटलं, येईल. माझा आवाज अगदी स्वच्छ निघाला.

एवढं तर फोनवरही सांगता आलं असतं. पण एक गोष्ट तोंडाने सांगताना मला रडू आलं असतं. आज सांधे झाडताना दिसलं की सगळ्यांत जुने रूळ दारापाशी आहेत, जेमतेम पायरी ओलांडण्यापुरते. शाळेच्या फाटकाशी माझी वाचा बसायची म्हणून तू मला घरी शिकवायला घेतलंस, तेव्हा मी दाराबाहेरही पडत नव्हते. माझ्या पोह्यांची वाटी गाडीतून बाहेर जायची आणि मी तिच्यामागे. दरवर्षी रूळ थोडे लांब व्हायचे. लोकांना तू सांगायचीस, “मला आगगाड्यांचं वेड आहे.” कधी हाताला धरून ओढलं नाहीस मला. मीही तुला ओढणार नाही. शनिवारी इंजिन, एक डबा आणि थोडे रूळ मोटारीत घालून ब्रिस्टलला येते आहे. अनुपला काही सांगितलेलं नाही. मी वर येणार नाही, जिन्याखाली रूळ मांडेन. शिट्टी ऐकू आली की समज, तुझी वडी आली आहे. पहिल्या दिवशी गाडी शेवटच्या पायरीशीच थांबेल. अंगणापर्यंतचे रूळ मग टाकू, तुझ्या सवडीने.

या वेळी तेल नीट तपासून निघणारी,
तुझीच
ईशानी