मनगटापासून वर

१४ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

तू बरी असशील. मीही ठीक आहे. पत्र पाहून भुवया उंचावू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मी भांडेन.

खिडकीचं बिजागर दुरुस्त झालं. समोरच्या शिक्षिकेची बदली झाली. मी तीन आठवडे घराबाहेर पडलेले नाही. सुजलेला डावा हात कोणत्याच बाहीत जात नाही, म्हणून एका ब्लाउजची बाही कापली. तोच धुऊन घालते. पट्टी दातांत धरून स्वतःच गुंडाळते. तासाभरात सुटते.

सोमवारी ताप चढला. डॉक्टरीणबाई घरी आल्या. "आजी, दंडाला आवळून आणि मनगटाला सैल? हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी पट्टी सोडायला घेतली.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. लसिकावाहिनीच्या, म्हणजे अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळीच्या, भिंतीतल्या पेशी एकमेकींना धरून असतात. 'धरून राहा' हा निरोप त्यांच्यात सतत फिरत असतो. तो मंदावला की सांधे उसवतात आणि आतलं पाणी बाहेर झिरपतं. ऑपरेशनमध्ये माझ्या काखेतल्या लसिकागाठी काढल्यापासून उरलेल्या वाहिन्यांवर ताण आहेच. वर आवळलं की पाणी खाली कोंडतं, ताण वाढतो, निरोप आणखी बिघडतो. पट्टी मनगटाला घट्ट आणि वर सैल होत जायला हवी.

परिचारिकेने तुला तसंच दाखवलं होतं आणि पहिल्या दिवशी तू तशीच बांधलीस. मीच म्हटलं, "पाणी वरून उतरतं, वरच अडव. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, मला अक्कल शिकवू नकोस." मग तू मी सांगितलं तशी बांधू लागलीस. हात फुगत गेला तेव्हा शेजारणीसमोर म्हणाले, "हिला साधी पट्टी बांधता येत नाही." तू पट्टी टेबलावर ठेवलीस आणि जिना उतरलीस.

चूक माझी होती. एवढं लिहायला तीन कागद फाडले.

सुरुवातीला ठीक आहे म्हणाले, त्याचं आता खरं सांगते. बोटं मिटत नाहीत. महिनाभर रोज नीट बांधलं नाही, तर हात असाच टणक होऊन राहील. दवाखान्यातली बाई पट्टी बांधायला आठवड्यातून एकदाच येते. एका हाताने हे जमत नाही. सगळे प्रकार करून पाहिले.

ये. मी शिकवणार नाही. तोंड उघडलंच, तर पहिला वेढा तिथे दे.

वरची कडी एका हाताने सरकत नाही, म्हणून दार नुसतं लोटलेलं असतं. ढकल आणि आत ये.

तुझं न ऐकलेली,
ताई