दारासमोरची पाटी

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठमीस, मामाचे आशीर्वाद, रागावलो असलो तरी पुरेपूर. वि. वि.

काल नगरपालिकेच्या सभेत तू उभी राहून म्हणालीस म्हणे, की रस्त्यांच्या पाट्या रंगवायच्या कामासाठी अर्ज केलेल्यांत माझा सख्खा मामा आहे, म्हणून या विषयात मी मत देणार नाही. आणि उठून बाहेर जाऊन बसलीस. मला हे न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना कळलं. न्हावी म्हणाला, भाची तुमचं नातं सांगून बाहेर गेली, काय भानगड केलीत? गळ्यावर वस्तरा असताना माणसाला मानही हलवता येत नाही.

मी अक्षर कुठल्या शाळेत शिकलो नाही. दुकानांच्या पाट्या बघत, काढत, पुसत शिकलो. गावातल्या सगळ्या रस्त्यांवर माझं अक्षर असावं, एवढी एकच हाव आता उरली आहे. तुझा वशिला मी मागितला नव्हता. पण तू माझ्या वाटेत आडवी येशील असंही वाटलं नव्हतं. मामी म्हणते, पोरगी बरोबर वागली. तू नगरसेविका झाल्यापासून तिला माझं काहीच पटत नाही.

लोभ आहेच, सध्या जरा घडी करून ठेवला आहे.

तुझा मामा


ता. ७ फेब्रुवारी

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

फोन तुम्ही दोनदा आपटलात, म्हणून पत्र. मामा, काम तुम्हाला मिळालं आणि तेव्हा मी आत बसलेली असले, तर लोक जन्मभर म्हणतील, भाचीने दिलं. सोसेल तुम्हाला? काना केसभर कलला तर तुम्ही अख्खी पाटी पुसता. हाही कलच समजा.

आता पद्धत ऐका. प्रत्येकाने नमुन्याची एक पाटी रंगवायची. तिच्यावर नाव नाही, नुसता क्रमांक. पाट्या कचेरीच्या व्हरांड्यात लागतील, कोणीही येऊन बघावं. गुण देणार बाहेरचे तिघे: पोस्टमन, बसचालक आणि शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. कुणाला किती गुण आणि का, ते दारावर लावलं जाईल. निकाल लागेपर्यंत मी तुमच्याकडे जेवायला येणार नाही. मामीला सांगा, माझ्या वाटणीचं तुम्हाला वाढू नको, रक्तदाबाचं बघा.

लोभ असावा, आणि तो फोनवरही असावा.

तुमची ठमी


ता. २१ फेब्रुवारी

चि. ठमीस, मामाचे मनापासून आशीर्वाद. वि. वि.

सोमवारी निकाल लागला. मी पहिला. मामीने शेजारीपाजारी सांगून घसा बसवून घेतला. मी मोजपट्टी खिशात घालून बाकीच्यांच्या पाट्या बघायला गेलो. हरलेल्यांच्या चुका बघण्यात एक सुख असतं, खोटं कशाला बोलू?

तर माझी पाटी दारासमोर, स्वच्छ उजेडात, डोळ्यांच्या उंचीवर. बाकीच्या आतल्या बोळात, पाण्याच्या टाकीमागे. क्रमांक चारवर तर खिडकीची तिरीप पडून अर्धी अक्षरं दिसतच नव्हती. शिपायाला विचारलं. तो कौतुकाने म्हणाला, मामा, तुमचा हात मी झोपेतही ओळखीन, नगरसेविका बाईंच्या मामांची पाटी काय टाकीमागे लावू? त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बिचाऱ्याने प्रेमापोटी घोळ केला.

दोन दिवस, टाकीमागूनही मीच जिंकलो असतो, असं स्वतःला सांगत होतो. मामी म्हणाली, मग जिंकून दाखवा. तिला बोलायला काय जातं! सगळ्या पाट्या एकाच भिंतीवर, उघड्यावर, एका उंचीला लावून पुन्हा गुण द्यावेत, असा हरकतीचा अर्ज आज कचेरीच्या खिडकीवर दिला आणि पोच घेतली. शिपायाला बोलणी बसू नयेत, एवढं मात्र बघ.

लोभाची घडी मोडली आहे. कळावे.

तुझा मामा


ता. ६ मार्च

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचा अर्ज वाचला गेला तेव्हा मी बाहेर बाकावर होते. आधी आतून हसू ऐकू आलं, जिंकलेला माणूसच हरकत घेतो म्हणून. पण नाही कुणालाच म्हणता आलं नाही. पाट्या रस्त्याकडच्या कुंपणाच्या भिंतीवर लावल्या, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या, आणि त्याच तिघांनी पुन्हा गुण दिले. शिपायाला कुणी बोललं नाही, तोच रुसून बसला आहे.

मामा, तुम्ही दुसरे आलात. काम क्रमांक चारला गेलं. ती रंगवणारी बाई परगावची आहे, मी तिला ओळखत नाही. कारण दारावर लावलंय. ते मी लिहीत नाही, नाहीतर माझ्यावरच चिडाल.

यापुढे कुठल्याही कामाचे नमुने असेच लावायचे, असा ठराव झाला. त्याला मत द्यायला मला आत बोलावलं. हात वर करताना तुमची आठवण झाली, म्हणून तो जरा जास्तच वर गेला.

मामींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ दुसरा येऊ देऊ नका.

तुमची ठमी


ता. १५ मार्च

चि. ठमीस, मामाचे आशीर्वाद. वि. वि.

कारण वाचलं. बसचालकाने लिहिलंय, अक्षर देखणं, पण चालत्या गाडीतून लागत नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिकीट काढून त्याच्याच बसमध्ये खिडकीशी बसलो. कुंपण आलं आणि गेलं. क्रमांक चार घडाघडा वाचता आली. माझी नुसती सुंदर दिसली. परतीच्या फेरीलाही तेच. कंडक्टर म्हणाला, मामा, तुमच्यासारखी पाटी गावात नाही. मी विचारलं, काय लिहिलंय तिच्यावर? म्हणाला, ते वाचायला उतरावं लागेल.

जाड-बारीक रेषांचा नखरा, आणि अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. इतकी वर्षं मी पाट्या उभा राहून रंगवल्या आणि उभा राहूनच वाचल्या. चार दिवस त्या परगावच्या बाईवर रागावून बघितलं, तेही जमलं नाही. तिचं अक्षर खरंच चांगलं आहे.

आता दवाखान्याच्या पाट्यांचं काम निघणार, असं दारावरच वाचलं. अर्ज करणार आहे. तिथे माणूस घाबरलेला, घाईत येतो. त्याला लांबून लागलं पाहिजे. म्हणून अक्षरं मोकळी सोडतो आहे आणि मामीला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभी करून वाचून घेतो. ती मुद्दाम चष्मा काढून ठेवते. रोज काहीतरी भलतंच वाचते आणि वर मलाच हसते. आज तिने पहिल्यांदा सगळं सरळ वाचलं.

लोभ आहे तसा राहू दे; वाढवायचा तर तुझी मर्जी.

तुझा मामा