एकेचाळीस पत्ते

३ मार्च, सोमवार

पत्र आलं. वॉशिंग्टनहून, जाड कागद, वर उठावाची मोहोर. मी नेहमीसारखा आवक शिक्का मारला — कुत्र्यांच्या लायसन्सचे अर्ज आणि हे, एकाच टोपलीत. मग वाचलं. वाचायला नको होतं.

म्हणणं असं की जी शहरं इमिग्रेशनवाल्यांना सहकार्य करत नाहीत, त्यांना वॉशिंग्टनकडून येणारे पैसे थांबवणार. यादीत आमचं वेल्डन. सात एप्रिलपर्यंत खुलासा पाठवा. दुसऱ्या पानावर काय काय थांबणार त्याची जंत्री. शाळेजवळचा पूल. अग्निशमनची शिडी. आणि सहाव्या ओळीत — वृद्ध व आजारी नागरिकांची व्हॅन.

ती व्हॅन आईला डायलिसिसला नेते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहा-दहाला दारात. हॉस्पिटल अठरा मैलांवर. आठवड्यातून तीन दिवस मी दुपारपर्यंत गैरहजर राहिले तर नोकरी राहायची नाही, आणि नोकरी गेली तर बाकी काहीच राहायचं नाही. आई एक्क्याऐंशीची. एक खेप चुकली की पाय सुजतात, दोन चुकल्या की धाप लागते. तीन कधी चुकू दिल्या नाहीत.

दुसरं पान तीनदा वाचलं. कुणाजवळ बोलले नाही. मी सिटी क्लार्क, शहराचे कागद सांभाळणारी; सिटी क्लार्कला मत नसतं.

४ मार्च

ज्यावरून हे पत्र आलं तो ठराव काढून पाहिला. नऊ वर्षांपूर्वी मीच टाइप केलेला. दीड पान. आमचे पोलीस कुणाला ‘कुठून आलात’ विचारणार नाहीत. न्यायाधीशाचा कागद असल्याशिवाय इमिग्रेशनवाल्यांसाठी कुणाला कोठडीत जास्त वेळ ठेवणार नाहीत. शहराचा कुठलाही नोकर कुणाचा ठावठिकाणा त्यांना कळवणार नाही. बस, एवढंच. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. नंतर कुणी उघडून पाहिला असेल असं वाटत नाही.

घ्या मागे एकदाचा, असं मनात आलं. लिहून ठेवते. इथे तरी खोटं कशाला लिहू?

७ मार्च, शुक्रवार

दुपारी जेवायला घरी गेले तर आई व्हॅनमधून हसत उतरली. एव्हारिस्तोने तिला केळ्याचा फोटो दाखवला म्हणे! दोघांनाही केळं बंद, टोमॅटो बंद, बटाटा बंद. चार वर्षं शेजारशेजारच्या खुर्चीत रक्त धुऊन घेतात आणि चार तास खाण्याच्या गप्पा मारतात. “त्याने डोमिनो खेळताना आज पुन्हा लबाडी केली,” आई म्हणाली. लबाडी हीच करते, हे डेलरॉयने मला सांगितलंय. डेलरॉय व्हॅन चालवतो, त्याला सगळं माहीत असतं.

एव्हारिस्तो गवंडी होता. आमच्या गल्लीतल्या घरांची निम्मी धुराडी त्याच्या हातची. मग मूत्रपिंडं गेली. मूळचा कुठला, इकडे कधी आला, मी कधी विचारलं नाही. चांगुलपणा वगैरे काही नाही. विषयच निघाला नाही.

१० मार्च, सोमवार

मेयरबाईंनी जनसुनावणी ठेवली. एकोणीस तारखेला, सभागृहात, मग लगेच मतदान. ठराव ठेवायचा की रद्द करायचा. हॉलिस — आमचा वकील, वीस वर्षं माझ्या समोरच्या खोलीत बसतो — म्हणाला, “नुसते ओरडणारे येतील दोन्ही बाजूंचे. व्हॅनमधलं कुणी येऊन बोललं तर बरं.”

“मी बोलले असते.”

“तू बोलायचं नाहीस, ग्लेनिस. तू लिहायचंस.”

१२ मार्च, बुधवार

सकाळी आईला व्हॅनमध्ये चढवताना एव्हारिस्तोला म्हणाले, “सुनावणीला या. बोला व्हॅनबद्दल.”

“मी?”

“तुम्हीच. तुम्ही छान बोलता.”

तो बराच वेळ सीटबेल्टशी खटपट करत राहिला. मग म्हणाला, “मिस ग्लेनिस, तुम्ही सांगताय तर येतो.”

आई आतून म्हणाली, “टाय लाव. तुझ्याकडे टाय आहे ना?”

मला बरं वाटलं. व्हॅन वाचावी, इतकंच डोक्यात होतं. ठराव जाऊन वाचली तरी चाललं असतं.

१८ मार्च

झोप नाही. तीन नगरसेवक रद्द करा म्हणतात, तीन ठेवा म्हणतात. सातवी मेयर. तिचा थांग लागत नाही.

२० मार्च, गुरुवार

कालचं सविस्तर लिहिते.

सभागृह तुडुंब. एकेचाळीस जण बोलले. पद्धत ठरलेली — माइकपाशी यायचं, रेकॉर्डसाठी नाव आणि पत्ता सांगायचा, मग तीन मिनिटं. वेळेचे दिवे माझ्या हातात. हिरवा, पिवळा, लाल. रस्त्यातल्या खड्ड्यांची तक्रार असो नाहीतर हे, नाव-पत्ता सांगितल्याशिवाय मी हिरवा दिवा लावत नाही. बावीस वर्षांत लावलेला नाही. या बाबतीत मी खडूस आहे असं सगळे म्हणतात आणि मला ते आवडतं.

एव्हारिस्तोचा नंबर सव्विसावा. सकाळीच मशीनवर जाऊन आलेला, हाताला पट्टी, चेहरा उतरलेला. टाय होता. म्हणाला, “माझं नाव एव्हारिस्तो कानुल.” आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला.

मला वाटलं, बावचळला बिचारा. मी माइकवर म्हणाले, “पत्ता सांगा, रेकॉर्डसाठी.”

“एकशे सतरा, फाउंड्री स्ट्रीट.”

“फ्लॅट नंबर?” — हेही मीच विचारलं.

“दोन-बी.”

हिरवा दिवा. तो म्हणाला, “तुम्ही मला तीन मिनिटं दिलीत. मशीन चार तास देतं, त्यामुळे मला सावकाश बोलायची सवय आहे.” लोक हसले. “डेलरॉय माझ्या दारात येतो. चार वर्षांत त्याने एकदाही विचारलं नाही, तुम्ही कुठले. तो विचारतो, स्वेटर घेतला का. ही व्हॅन वाचवायची म्हणून तुम्ही आमच्यातल्या कुणाचं दार दुसऱ्या कुणाला दाखवणार असाल, तर मला व्हॅन नको. मी चालत जाईन. अठरा मैल आहेत. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या मिसेस वुकोविचना मात्र न्या. त्यांना चालायला लावलं तर त्या पुढच्या वर्षी पोचतील.”

पिवळा दिवासुद्धा लागला नव्हता. जाऊन बसला. मी मान खाली घालून लिहीत होते. माझी मलाच लाज वाटत होती, कारण मला हवं ते तो बोललाच नव्हता आणि बोलला ते बरोबर होतं.

मेयरबाईंनी हात वर केला. चार विरुद्ध तीन. ठराव राहिला. यंदा बर्फ कमी पडला, रस्त्यावर टाकायच्या मिठाचे पैसे उरलेत, त्यावर व्हॅन जूनपर्यंत चालेल म्हणाल्या. जूननंतरचं जूनमध्ये.

२१ मार्च, शुक्रवार

इतिवृत्त पूर्ण केलं. अकरा पानं. एकेचाळीस नावं, एकेचाळीस पत्ते, प्रत्येक पत्ता नकाशाशी ताडून पाहिला. एका बाईंनी ‘एल्म’ म्हटलं होतं, त्या राहतात ‘ईस्ट एल्म’ला — तेही दुरुस्त केलं. हॉलिस वाचून म्हणाला, “झकास. हेच खुलाशाला जोडू. बघू दे त्यांना, केवढं गाव लोटलं होतं ते.”

२४ मार्च, सोमवार

खुलासा कुरियरने गेला. सोबत इतिवृत्ताची प्रत, प्रत्येक पानावर शहराचा शिक्का, खाली माझी सही. अक्षर छान आलं होतं.

२ एप्रिल, बुधवार

जेवताना आई म्हणाली, “एव्हारिस्तो विचारत होता, ग्लेनिस लिहिते तो कागद पुढे कुठे जातो?”

“तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, कपाटात. माझ्या मुलीचे कागद कोण वाचतंय.”

तो माइकपाशी का थांबला होता ते आता कळलं. आज. दोन आठवड्यांनी!

३ एप्रिल, गुरुवार

हॉलिसच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. म्हटलं, आपण त्यांना लोकांचे पत्ते पाठवलेत.

त्याचा चेहरा क्षणभर पडला. मग वकील झाला. “ते सार्वजनिक कागद आहेत. आपल्या वेबसाइटवरही आहेत.”

“ठरावात लिहिलंय, शहराचा नोकर कुणाचा ठावठिकाणा कळवणार नाही.”

“आपण कुठे कळवला? लोकांनी आपल्या तोंडाने सांगितला.”

“मी विचारला म्हणून सांगितला. फ्लॅट नंबरसुद्धा मीच विचारला.”

“कुणाबद्दल बोलतेयस तू? कानुल? त्याच्याकडे इथे राहायचे कागद नाहीत हे तुला माहीत आहे?”

“नाही.”

“विचारलंस त्याला?”

“नाही.”

“मग विचारू नकोस. आणि डोकं थंड ठेव.”

वेबसाइटवरून काढता येईल का? मंजूर इतिवृत्त कौन्सिलच्या मतदानाशिवाय हलवता येत नाही. हा नियम मीच एकदा एका नगरसेवकाला तावातावाने ऐकवला होता. तरी दुपारी पान काढून टाकलं. सर्व्हरचा बिघाड म्हणून सांगेन. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पण तिकडे गेलेली प्रत कशी काढू?

५ एप्रिल, शनिवार

फाउंड्री स्ट्रीटला गेले. दोन-बी. एव्हारिस्तोने अर्धा कप कॉफी दिली, स्वतः दोन घोट घेतले. त्याला दिवसाचं पाणी मोजून असतं. मी बोलायला सुरुवात केली आणि रडूच आलं. त्यानेच मला रुमाल दिला. सगळं उलटं.

“तुम्ही थांबलात तेव्हाच मला कळायला हवं होतं,” मी म्हटलं.

“मी विचार करत होतो, दुसराच कुठलातरी नंबर सांगून टाकावा. पण तुम्ही पेन धरून बसलेल्या. मिसेस वुकोविच रोज सांगतात, माझ्या मुलीच्या कागदात चूक सापडायची नाही. म्हटलं, माझ्यापायी कशाला?”



मी म्हटलं, दुसरीकडे जा कुठेतरी. तो म्हणाला, “जाईन कुठे? परवा सहा वाजता मला दारात उभं राहायचंय. मशीनपासून लांब मी किती दिवस लपणार?”

“मग आमच्याकडे या. मागची खोली रिकामी आहे. व्हॅन आमच्या दारी येतेच.”

“व्हॅनचा पत्ता बदलायला फॉर्म भरावा लागतो. तो फॉर्म कुणाकडे जातो?”

“माझ्याकडे.”

“आणि तुमच्याकडून?”

“कुठेही नाही. मी तो भरणारच नाही.”

तो हसला. “तुम्हाला जमेल?”

“जमेल,” म्हटलं. पुढच्या रविवारी येतो म्हणाला. एकोणीस वर्षांचं सामान आहे, भाचीला बोलावून आवरतो. मी आजच चला म्हणून मागे लागायला हवं होतं. लागले नाही. कुणाच्या घरात बसून त्यालाच आवर म्हणून घाई करणं मला जमलं नाही.

६ एप्रिल, रविवार

मागची खोली झाडली. आई म्हणाली, “कॉट खिडकीपासून लांब लाव, त्याला थंडी वाजते.” पडदे धुतले. अजून आठवडा आहे.

७ एप्रिल

एव्हारिस्तो मशीनवर गेला आणि आला. आईला आज पेरूचा फोटो दाखवला.

९ एप्रिल, बुधवार

व्हॅन सहा-दहाला आली नाही. सहा-वीस, सहा-पंचवीस. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. साडेसहाला आली. डेलरॉय खाली उतरलाच नाही, काच खाली करून म्हणाला, “नियम पाच मिनिटांचा आहे. एव्हारिस्तोच्या दारात मी वीस मिनिटं थांबलो.”

शेजारणीने त्याला सांगितलं म्हणे — दोन गाड्या पहाटेपासून उभ्या होत्या. एव्हारिस्तो स्वेटर घालून व्हॅनसाठीच खाली आला होता. त्यांनी नाव विचारलं, त्याने सांगितलं.

दिवसभर फोन केले. कुठे ठेवलंय? मशीन मिळणार आहे का? परवापर्यंत नाही मिळालं तर! पाच ठिकाणी विचारलं. पाचही ठिकाणी एकच उत्तर, खासगी माहिती आहे, देता येत नाही.

हॉलिस न्यायालयात धावलाय. डोळे लाल. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आईच्या शेजारच्या खुर्चीत आज दुसऱ्या बाई होत्या. आई जेवली नाही.

१० एप्रिल

अजून दोघांना नेलं. सातवा नंबर आणि तेहतिसावा. यादी काढून पाहावी लागली नाही. पाठ आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

वॉशिंग्टनचं पत्र. एकच परिच्छेद. वेल्डन शहराने रहिवाशांची नावं व पूर्ण पत्ते आपणहून, शिक्क्यानिशी सादर केले. हे सहकार्य समाधानकारक समजून थांबवलेले पैसे मोकळे करण्यात येत आहेत. सिटी क्लार्कच्या अचूक कामाबद्दल आभार.

मी आवक शिक्का मारला. व्हॅन वाचली. मला हेच हवं होतं.