काखेतली गाठ

३ मार्च
त्या सकाळी भांडी झाली, शिलाई मशीनला तेल दिलं, चादरी पिळल्या. एरवीसारखीच सकाळ! शेवटची चादर दोरीवर टाकायला हात वर केला आणि काखेत काहीतरी सरकलं. ओली चादर खांद्यावर घेऊन तशीच उभी राहिले. आठवडा झाला त्याला. आज कुठे लिहवतंय.

४ मार्च
दुखत नाही. त्याचीच भीती. ह्यांच्या मानेतली गाठही दुखत नव्हती.

६ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाताला गाठ कळते, पेशी नाही कळत. सुईने थोड्या काढू, भिंगाखाली बघू."
मोठ्या जाऊबाईंना सांगितलं तर ओरडल्याच — "सुई लावून घ्यायची नाही! लावली की पसरतं."
ह्यांनीही हेच ऐकलं होतं. लावून घेतली नाही. पसरलंच की!

९ मार्च
लेकीचं शाळेतलं शास्त्राचं पुस्तक काढून बसले. कातडीच्या पेशी एकमेकींना चिकटून, फट म्हणून नाही. स्नायूच्या लांबट. मेंदूच्या तर फांद्या फुटलेल्या! सारख्या पेशी मिळून एक काम करतात, ती ऊती. आणि सगळ्यांची सुरुवात एकाच पेशीतून — एका ताग्यातून परकरही निघावा आणि पडदाही, तसं. प्रत्येकीला आपलं काम कळतं. कुठे थांबायचं तेही.
एखादीला थांबणंच कळेनासं झालं तर?
पुस्तक मिटलं. हात पुन्हा काखेत. कापड मी डोळे मिटून ओळखते — सुती, रेशमी, भेसळीचं. ही काही केल्या ओळखता येत नाही.

१० मार्च
जेवण गेलं नाही. ह्यांचा फोटो पुसला. दोनदा.

११ मार्च
उद्या सुई. संध्याकाळी जाऊबाई आल्या. वाटलं, अडवायलाच.
"काय शास्त्रीणबाई, एवढं वाचून भीती गेली का?"
"नाही गेली. तरी जाणार."
चहा निवून गेला. मग त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या काखेत नेला. माझ्या गाठीहून मोठी! टणक.
"अहो, कधीपासून?"
"ते विचारू नकोस गं."

१२ मार्च
दवाखान्याच्या खिडकीवर दोन नावं दिली. आधी त्यांचं.