दोन गाड्यांची एक गाडी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त लेथ ऑपरेटर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. नजर कमी झाली आहे, पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह सैल आहे ते अजून सांगतो. तरी कोणाला शंका असल्यास डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या मुलीला मिळावी. छत कुठे गळते ते तिला ठाऊक आहे.

कलम २. लेथ आणि सगळी हत्यारे कोपऱ्यावरच्या फिटरला द्यावीत. माझा मोठा पाना त्याने 'उद्या देतो' म्हणून नेला आणि चार वर्षांनी भलताच आणून दिला. तो भलताही त्यालाच द्यावा. त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. का, ते पुढे येईल.

कलम ३. गाडी. कंपनीने हिचे सुटे भाग बनवणे बंद केले त्याला बावीस वर्षे झाली. बुश मी स्वतः लेथवर कातले, गॅस्केट हाताने कापली, दरवाजाची काच तीन भंगारबाजार पालथे घालून आणली. पाहुण्यांना हे सगळे मी रंगवून सांगत असे. उरलेले सांगत नसे, ते आता सांगतो.

मी आणि धाकट्या भावाने एकाच दिवशी एकसारख्या दोन गाड्या घेतल्या होत्या. तो नोकरीसाठी परदेशी गेला तेव्हा त्याची गाडी माझ्या गॅरेजात ठेवून गेला. "दादा, आठवड्यातून एकदा चालू कर, बाकी काही नको," एवढेच म्हणाला. दोन वर्षे मी इमानाने चालू केली. मग माझ्या गाडीचा डिस्ट्रिब्युटर गेला आणि कुठेच मिळेना. त्याचा काढून बसवला आणि रिकाम्या जागी चिठ्ठी बांधली: 'डिस्ट्रिब्युटर तात्पुरता घेतला आहे. परत बसवणे.' चिठ्ठी बांधली की चोरी केल्यासारखे वाटत नसे. पुढे कार्बोरेटर, रेडिएटर, वायपरची मोटर. प्रत्येकाची चिठ्ठी सुवाच्य अक्षरात आहे.

सहाव्या वर्षी तो न कळवता आला. आई माझ्याकडे होती. तिला तिच्या बहिणीकडे न्यायचे त्याने ठरवले होते. दोघी म्हाताऱ्या नऊ वर्षे भेटल्या नव्हत्या. त्याने बॉनेट उघडले आणि बराच वेळ चिठ्ठ्या वाचत उभा राहिला.

"दादा, गाडी कुठाय?"

"ही काय."

"ह्या चिठ्ठ्या आहेत."

माझीही गाडी तेव्हा जॅकवर होती, गिअरबॉक्स उतरवलेला, कारण त्याच्या गाडीचा बसवायचा होता. त्याने भाड्याची गाडी बोलावली. आईने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि त्याला म्हणाली, "एवढी काय घाई आहे? आपली गाडी झाली की जाऊ." मला वाचवायला म्हणाली. त्याची रजा संपली, तो गेला. अठरा दिवसांनी आई वारली. तिची बहीण शेवटपर्यंत विचारत राहिली, ती का आली नाही.

कलम ४. म्हणून माझी गाडी, आणि त्याच्या गाडीचा सांगाडा चिठ्ठ्यांसकट, भावाला मिळावा. त्याने नाकारल्यास मुलीने सांभाळावे. कोणी कितीही गयावया केली तरी सुटे भाग म्हणून काही विकू नये.

कलम ५. हे वाचून मुलगी म्हणाली, "बाबा, काका गाडी घेऊन काय करतील? तुम्ही फोन करा ना." अकरा वर्षे तेच जमलेले नाही. आई गेल्यावर तो आला, तेव्हा दारातच म्हणाला होता, "एकदा विचारलं असतंस, तर अख्खी गाडी दिली असती." ते आमचे शेवटचे बोलणे.

वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायचे असते. त्यांचे बरोबर असेल. तरी हे कलम मुलीने उद्या सकाळीच काकाला फोनवर वाचून दाखवावे, ते असे:

धाकट्या, तू नाही म्हणशील ही भीती मला कधीच नव्हती. हो म्हणशील हे माहीत होतं, म्हणून विचारायची गरजच वाटली नाही. चूक तीच झाली. पोरगी हे वाचतेय तेव्हा मी शेजारीच बसलोय. फोन ठेवू नकोस.

वरील मजकूर स्वतः लिहून, पुन्हा वाचून सही केली.

सही: थोरला भाऊ
साक्षीदार: १) शेजारच्या शिक्षिका २) औषधांचे दुकानदार
ठिकाण: राहते घर, गॅरेजच्या वरची खोली
दिनांक: ४ मार्च