विकलेल्या गाडीचा विमा

अगं,

विमेवाल्यांचा मेसेज आला. मोबाइलने मोठ्यांदा वाचून दाखवला: त्यांनी परस्पर चालू केलेला गाडीचा विमा रद्द, पैसे परत. जिंकलीस!

काल तू स्पीकर लावून फोनवर बोलत होतीस तेव्हा मी आतल्या खोलीत कान देऊन बसलो होतो. तो विमा कंपनीचा पोरगा म्हणे, "रिन्यू आपोआप होतं, आता काही करता येणार नाही." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म काढलेली बाई तू, आवाज तसूभरही चढला नाही. "बाळा, गाडी तर आम्ही कधीच विकली. तू जिचा विमा उतरवलास ती कुठे उभी आहे सांग, मी बघून येते." मी असतो तर "जाऊ दे" म्हणून मोकळा झालो असतो.

मग त्याने विचारलं, गाडी का विकली? मला वाटलं, आता तू सांगणार, यांना दिसत नाही. तू म्हणालीस, "आम्हां दोघांना पायी फिरायला आवडतं."

ओळी एकमेकींवर चढल्या असतील, लावून वाच. कोपऱ्यावरून दूध आणायला चाललोय, काठी घेऊन, एकटाच. शोधायला येऊ नकोस. चपला घालून तयार राहा, आलो की फिरायला निघू. त्या पोराला सांगितलंस ते खोटं ठरायला नको.