जास्वंद, कुंडी नंबर नऊ

२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
सातपूरच्या कंपनीत बत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलं. आता निसर्गाचं करायचं. लाल गावठी जास्वंदीचे परागकण पिवळीवर लावले, आशाच्या मेकअपच्या ब्रशने. ती ब्रश शोधतेय. नवी जात तयार झाली की तिचंच नाव देणार, 'आशाकिरण'. मग ब्रशचं काही वाटणार नाही.

३ फेब्रुवारी
वाटलं. अंगणात सत्तावीस कुंड्या, झोपाळ्याला जागा नाही, हेही निघालं. शेवटी करार झाला. नोव्हेंबरात कॉलनीच्या पुष्पप्रदर्शनात नवं फूल दाखवलं तर कुंड्या राहतील, नाहीतर सगळ्या जाणार. मी लगेच हो म्हटलं. पुस्तकात बी ते फूल दीड वर्ष दिलंय. पुस्तकं सर्वसामान्यांसाठी असतात.

२१ एप्रिल
बोंड पिकलं. बिया पाच. आशा म्हणाली, एवढ्यासाठी अडीच महिने? क्वांटिटीवाल्यांना क्वालिटी कळत नाही.

११ जून
पाचही बिया कुंडी नंबर नऊमध्ये पेरल्या. दिंडोरीहून सासूबाई महिनाभर राहायला आल्यात. एवढी मोठी कुंडी मोकळी का टाकली, म्हणाल्या. त्यांना वीस मिनिटं संकर म्हणजे काय ते समजावलं. हां हां म्हणत होत्या.

२५ जून
सोळा रोपं! पाच बियांतून सोळा. जर्मिनेशन तीनशे वीस टक्के. चष्मा पुसून पुन्हा मोजली.

५ जुलै
आज अकराच. पाच दुबळी असणार. निसर्ग आपणहून रिजेक्शन करतोय, तेही माझ्या पद्धतीने.

१९ ऑगस्ट
रोपं कमरेला लागली. पानं पंजासारखी, ना आईची ना बापाची. वैताग एकच, शेंडे कोणीतरी खुडतंय. संशय शेजारच्या धनराजवर. त्याच्या गुलाबांना तीन वर्षं बक्षीस नाही. आशा काहीतरी सांगायला आली होती. म्हटलं, ऑब्झर्वेशन चालू आहे, नंतर.
जेवायला आंबट पालेभाजी, वर लसणाची फोडणी. दोनदा घेतली.

२ सप्टेंबर
पुन्हा शेंडे गायब. धनराजला सरळ विचारलं. म्हणाला, काका, तुमचा पाला घेऊन मी काय करू? उद्धट माणूस. कडुनिंबाचा फवारा मारला.

३ सप्टेंबर
भाजी आज कडू. आशाला म्हटलं, हल्ली तुझं स्वयंपाकात लक्ष नसतं. ती ताट उचलून निघून गेली. या घरात शास्त्र करायचं कसं?

३० ऑक्टोबर, सकाळी ७.१०
फूल! फिकट पिवळं, मधोमध गडद लाल. दीड वर्षाचं काम साडेचार महिन्यांत. आशाला हाक मारली. ती म्हणाली, अहो, ही तर... मी म्हटलं, बोलू नकोस, मलाही भरून आलंय.

१६ नोव्हेंबर
प्रदर्शन. कुंडीला पाटी लावली: आशाकिरण, संकर जास्वंद, निर्माता रंगनाथ. परीक्षकबाई शेतकी कॉलेजात शिकवायच्या. त्यांनी एक पान तोडलं, चावलं आणि विचारलं, अंबाडी मस्त आलीय, डाळ घालून करता की नुसती?
मागे धनराज उभा होता. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. फार लाज वाटली.
घरी आल्यावर आशा म्हणाली, ऑगस्टपासून सांगतेय, आईने बी टाकलं होतं, तुम्ही ऐकाल तर ना.

१७ नोव्हेंबर
झोपाळेवाला दुपारी येतोय. सकाळपासून कुंड्या गेटबाहेर काढतोय. कंबर गेली.
मध्येच सासूबाईंना फोन लावला, चार शब्द सुनवायलाच. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, मोकळी कुंडी बरी दिसंना जावईबापू, म्हणून मूठभर बी टाकलं. निघायच्या आधी निंदूनबी दिलं. अंबाडीत दुसरंच काहीतरी उगवलं व्हतं, गोल पानाचं, लय चिवट. पाच रोपं व्हती. मुळासकट उपटून फेकली.
पाच.
म्हणजे माझी एकूण एक बी उगवली होती.
आशाने विचारलं, काय म्हणाली आई? म्हटलं, गुडघा दुखतोय, बाकी ठीक.